वाचकांचे प्रश्न : माहितीच्या अर्जात नेमके काय मागावे?

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे माहिती अधिकाराच्या अर्जांविषयीची आहेत. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याआधी महाराष्ट्राने २००२ साली आणि गोव्याने १९९७ साली आपापला कायदा केला होता. म्हणजे आपल्याकडच्या कार्यालयांना हा विषय नवा म्हणता येणार नाही. तरीही पत्रे वाचताना एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते : अर्जदार संतापून अर्ज लिहितो आणि कार्यालय शांतपणे त्या अर्जातली फट शोधते. त्यामुळे पुढील उत्तरांत कायद्याच्या थोरवीपेक्षा अर्जाच्या मजकुरावर अधिक भर दिला आहे. पत्रलेखकांची आणि त्यांनी उल्लेखिलेल्या कार्यालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाला जोडणारा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. “रस्ता निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण आणि त्यांच्यावर कारवाई का झाली नाही”, अशी माहिती मी मागितली. “आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असल्याने माहिती देता येत नाही”, असे एका ओळीचे उत्तर आले. हे उत्तर कायद्याला धरून आहे काय? (एक शेतकरी वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : दुर्दैवाने बऱ्याच अंशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात असे ठरवले की, एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे स्पष्टीकरण ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात विद्यार्थ्यांना तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. मात्र त्याच निकालात, जी माहिती कार्यालयाच्या दप्तरी अस्तित्वात आहे तीच द्यावी लागते, अर्जदारासाठी नवी माहिती तयार करण्याचे किंवा मत देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, असेही स्पष्ट केले. या दोन निकालांचा आधार घेऊन ‘प्रश्नार्थक’ हा शिक्का आता सर्रास मारला जातो, आणि अनेकदा जिथे तो लागू नाही तिथेही.

परंतु सरकारी काम कागदावाचून पुढे सरकत नाही, ही गोष्ट इथे आपल्या बाजूची आहे. रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी सही केलेली असते. काम प्रस्तावित झाले तेव्हा अंदाजपत्रक झाले, मग प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता मिळाली, निविदा निघाली, कार्यारंभ आदेश दिला गेला. काम चालू असताना कनिष्ठ अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत मापे लिहिली, खडी-डांबराचे नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले, त्यावरून देयके निघाली आणि अखेरीस काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला गेला. करारात दोषदायित्व कालावधीची अट असते आणि त्या मुदतीत रस्ता बिघडला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून देणे ठेकेदाराला बंधनकारक असते. आपल्या ‘का’ आणि ‘कोण’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या कागदांत आहेत. म्हणून नव्या अर्जात कारण विचारू नका. मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल, अदा केलेल्या देयकांच्या प्रती आणि कराराच्या अटी-शर्ती यांच्या साक्षांकित प्रती मागा. अंदाजपत्रकातली डांबराच्या थराची जाडी, मोजमाप पुस्तिकेत नोंदवलेली जाडी आणि रस्त्यावर प्रत्यक्ष दिसणारी जाडी ही तीन मापे शेजारी शेजारी ठेवलीत की खुलासा मागण्याची गरजच उरणार नाही.

दोन गोष्टी आणखी. कायद्याच्या कलम २(ञ) नुसार माहितीच्या अधिकारात केवळ कागदाची प्रत येत नाही, तर कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेणे हेही येते. या तरतुदीचा वापर फारच थोडे लोक करतात. दुसरे असे की, महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि सामान्यतः १५० शब्दांचा असावा लागतो, त्यामुळे रस्ता आणि त्याच गावची पाणीपुरवठा योजना एका अर्जात घालू नका. कोणते कागद आहेत हेच ठाऊक नसेल, तर आधी नस्तीच्या (म्हणजे फाइलच्या) अवलोकनाचा अर्ज करावा. अवलोकनाचा पहिला तास विनामूल्य आहे आणि त्यापुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये पडतात. जिल्हा पातळीवरच्या व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा नोव्हेंबर २०१८ चा आदेशही आहे. ही पद्धत पुणे महापालिकेत त्याच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती. सोमवारी जाताना त्या आदेशाची प्रत खिशात असलेली बरी, कारण तो अनेक कार्यालयांच्या स्मरणात नसतो.

प्रश्न : शेजारच्या इमारतीला १९९८ साली दिलेल्या बांधकाम परवानगीची नस्ती मी मागितली. “सदर अभिलेख आढळून येत नाही” असे उत्तर मिळाले, आणि अपिलातही तेच सांगून प्रकरण निकाली काढण्यात आले. आता काय करता येईल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : “आढळून येत नाही” हे उत्तर नाही, ती नुसती कबुली आहे, आणि कबुलीनंतर कार्यालयाचे काम संपत नसून सुरू होते. माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये दिलेली आहेत. नस्ती हरवणे हे त्यांत कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच सांगितले : जी माहिती कधीकाळी कार्यालयाकडे होती ती सापडत नाही एवढे म्हणून भागत नाही, तिचा कसून शोध घ्यावा लागतो, जबाबदारी निश्चित करावी लागते आणि माहिती आयोगाला त्यासाठी चौकशीचा आदेश देता येतो.

महाराष्ट्रात त्याहून धारदार साधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार विहित पद्धत सोडून सार्वजनिक अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि अभिलेख गहाळ झाल्यास तो परत मिळवण्यासाठी पावले उचलणे हे त्याचे कर्तव्य असते. आपल्याकडे कागदांचे वर्गीकरण अ, ब, क, क-१ आणि ड असे केले जाते. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग तीस वर्षांचा आणि ‘ड’ वर्ग जेमतेम वर्षभराचा. म्हणून आता नवा अर्ज करून तीन गोष्टी मागा : बांधकाम परवानगीची नस्ती कोणत्या वर्गात मोडते हे दाखवणारी अभिलेख जतन सूची, त्या काळातल्या नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही, आणि नस्ती शोधण्यासाठी काढलेल्या आदेशांच्या व पत्रव्यवहाराच्या प्रती. नस्ती रीतसर नष्ट केली असेल तर नोंद सापडेल. नोंद नसेल तर ती गहाळ आहे, आणि मग पोलिसांत तक्रार का दिली नाही हा मुद्दा द्वितीय अपिलात आयोगापुढे मांडता येतो. गुन्हा नोंदवण्याचा विषय निघताच जुनी नस्ती कपाटामागून बाहेर आल्याची उदाहरणे या क्षेत्रात काम करणारे अनेकजण सांगतात.

शिवाय एकच प्रकरण एकाच कपाटात राहत नाही. परवानगीच्या आवक-जावक नोंदवहीत तिचा क्रमांक असतो, मंजूर परवानग्यांची स्वतंत्र नोंदवही असते, मालमत्ता कर आकारणीच्या वेळी क्षेत्रफळाची नोंद होते, नगररचना कार्यालयाशी पत्रव्यवहार झालेला असू शकतो आणि सदनिकांच्या नोंदणीकृत करारांना अनेकदा मंजूर आराखडा जोडलेला असतो. मूळ नस्ती न मिळताही इमारतीचा इतिहास या तुकड्यांतून बराचसा उभा करता येतो.

जाता जाता : १९८० च्या दशकात अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर लावण्याची जी पद्धत घालून दिली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर नावाजली गेली. कोणताही कागद काही मिनिटांत सापडला पाहिजे, हा तिचा आग्रह होता. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(क) सूचीबद्ध अभिलेखांची जी अपेक्षा करते, ती आपल्या प्रशासनाने कायद्याच्या वीस वर्षे आधी करून दाखवलेली होती. तेव्हा जमले आणि आता संगणक हाताशी असताना जमत नाही, हे पटण्यासारखे नाही.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. तिथून महाराष्ट्र शासनाकडे अर्ज करता येतो का? माझ्या भावाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यालाही करता येईल का?

उत्तर : आपण भारतीय नागरिक असल्याने आपल्याला येतो, राहण्याच्या ठिकाणाचा प्रश्न येत नाही. राज्य शासनाच्या माहिती अधिकाराच्या ऑनलाइन सेवेवर अर्ज आणि शुल्क दोन्ही भरता येते. कलम ३ हा अधिकार केवळ नागरिकांना देत असल्यामुळे आपल्या भावाला अर्ज करता येणार नाही.

प्रश्न : मी सहकारी साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद आहे. कारखान्याने यंत्रसामग्री खरेदीची माहिती “आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही” असे म्हणून नाकारली. कारखान्याला शासनाचे भागभांडवल आहे. (एक सभासद, सांगली जिल्हा)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात, सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे आणि निबंधकांची तिच्यावर देखरेख आहे एवढ्यावरून ती सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे या कायद्याखाली माहिती देण्यास बांधील संस्था, ठरत नाही, असा निकाल दिला. शासनाचा पैसा ‘मोठ्या प्रमाणावर’ लागलेला आहे हे सिद्ध केले तर चित्र बदलते, पण ते सिद्ध करण्याचा मार्ग लांबचा आहे.

त्याच निकालात एक दार उघडे ठेवलेले आहे. निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत आणि कायद्याने त्यांना संस्थेकडून जी माहिती मिळवता येते ती ते नागरिकाला देऊ शकतात. साखर कारखान्यांच्या बाबतीत हे अधिकार पुण्याचे साखर आयुक्त आणि त्यांच्या हाताखालचे प्रादेशिक सहसंचालक यांच्याकडे असतात. वैधानिक लेखापरीक्षण अहवाल, त्यातले आक्षेप आणि कारखान्याने दिलेला दोषदुरुस्ती अहवाल, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खालील चौकशी झाली असल्यास तिचा अहवाल, एफआरपीच्या (उसाच्या रास्त व किफायतशीर दराच्या) थकबाकीपोटी काढलेले महसुली वसुली प्रमाणपत्र, शासकीय भागभांडवल आणि थकहमी यांच्या मंजुरीचे कागद, हे सारे तिथल्या दप्तरात असते. शिवाय आपण सभासद आहात हे विसरू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची व संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात व शुल्क भरून प्रती घेता येतात. यंत्रसामग्रीची खरेदी संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय होत नाही, म्हणजे इतिवृत्त हाच आपला पहिला कागद. वार्षिक सभेत ध्वनिक्षेपकावरून विचारलेल्या प्रश्नापेक्षा कलम ३२ खालचा पोचपावतीसह दिलेला साधा अर्ज अधिक उपयोगी पडतो, असा अनुभव आहे.

प्रश्न : मंत्रिमंडळाने घेतलेल्या एका निर्णयामागची टिप्पणी मागितली असता ‘मंत्रिमंडळाचे कागदपत्र’ म्हणून नकार आला. निर्णय तर वर्तमानपत्रांत छापून आला आहे.

उत्तर : कलम ८(१)(झ) मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना संरक्षण देते खरे, पण त्याच कलमाच्या परंतुकात असे म्हटले आहे की, निर्णय झाल्यानंतर आणि विषय पूर्ण झाल्यानंतर तो निर्णय, त्याची कारणे आणि ज्या साहित्याच्या आधारे तो घेतला गेला ते साहित्य जाहीर केले जाईल. संरक्षण चर्चा चालू असेपर्यंतचे आहे. म्हणून आपल्या अर्जात शासन निर्णयाचा दिनांक आणि त्याचा संगणक संकेतांक देऊन विषय पूर्ण झाल्याचे दाखवून द्या.

एक युक्ती सुचवतो. बहुतेक शासन निर्णयांच्या माथ्यावर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाखाली आधीची पत्रे, निर्णय आणि प्रस्ताव क्रमांक-दिनांकासह दिलेले असतात. ती यादी म्हणजे नस्तीची अनुक्रमणिकाच. त्यातला प्रत्येक कागद नाव घेऊन मागता येतो आणि “कोणती माहिती हवी हे स्पष्ट होत नाही” असे म्हणण्याची सोय उरत नाही. प्रत्येक नस्तीला टिप्पणी आणि पत्रव्यवहार अशा दोन बाजू असतात. अर्जदार बहुधा पत्रव्यवहारच मागतात. कक्ष अधिकाऱ्याने काय लिहिले, वित्त विभागाने कोणता आक्षेप घेतला आणि तो कोणाच्या शेऱ्याने बाजूला सारला गेला, हे टिप्पणीच्या बाजूला असते. टिपण्या कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचा विचार २००६ साली केंद्रात झाला होता आणि देशभर विरोध झाल्यावर तो सोडून द्यावा लागला, यावरूनच त्यांचे मोल कळावे.

प्रश्न : एका दुर्घटनेची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल शासनाला सादर झाला आहे. “कार्यवाही चालू आहे” म्हणून तो दिला जात नाही. अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक नसते का? (एक निवृत्त शिक्षिका, नागपूर)

उत्तर : हे समिती कोणत्या कायद्याखाली नेमली यावर अवलंबून आहे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेला आयोग असेल, तर कलम ३(४) प्रमाणे त्याचा अहवाल शासनाने काय कारवाई केली याच्या निवेदनासह सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. परंतु ठेवणे बंधनकारक आहे, स्वीकारणे नाही. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळात आला, तेव्हा त्याचे निष्कर्ष तत्कालीन सरकारने अमान्य केले. ‘आदर्श’ सोसायटीवरील न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये मांडला गेला तोही मंत्रिमंडळाने फेटाळलेल्या अवस्थेत. टीका झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो अंशतः स्वीकारण्यात आला. दोन्ही वेळा सरकारला नकार द्यावा लागला तो उघडपणे आणि अहवाल लोकांच्या हाती देऊन, इतकेच या कलमाने साधले. हे थोडे आहे, पण क्षुल्लक नाही.

आपल्या पत्रावरून मात्र ही शासन आदेशाने नेमलेली प्रशासकीय समिती दिसते. तिला १९५२ चा कायदा लागू नसल्याने विधिमंडळापुढे अहवाल ठेवण्याचे बंधनही नाही, आणि बहुतेक समित्या अशाच नेमल्या जातात याचे एक कारण तेच असावे, असे मला वाटते. अशा अहवालासाठी माहिती अधिकाराचाच मार्ग उरतो. “कार्यवाही चालू आहे” हे कारण देताना कार्यालय कलम ८(१)(ज) चा आधार घेत असणार; मात्र त्या कलमाचे शब्द, माहिती दिल्याने तपासात किंवा कारवाईत अडथळा येईल, असे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगत सिंग प्रकरणात, तपास चालू आहे एवढेच पुरेसे नाही, अडथळा कसा येईल हे सांगितले पाहिजे, असे ठरवले आहे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावरच टाकलेला आहे. अपिलात अडथळा कोणता, हा एकच मुद्दा धरून ठेवा. तरीही पूर्ण अहवाल नाकारला गेला तर कलम १० प्रमाणे साक्षीदारांची नावे वगळून उरलेला भाग मागा.

प्रश्न : बदलीत सवलत मिळावी म्हणून काही कर्मचाऱ्यांनी खोटी प्रमाणपत्रे जोडल्याचा संशय आहे. पूर्वी अशी माहिती मिळत असे, आता “वैयक्तिक माहिती” म्हणून सरसकट नाकारली जाते. कायदा बदलला आहे का? (एक शिक्षक वाचक, मराठवाडा)

उत्तर : बदलला आहे, आणि माझ्या मते या कायद्यातला आजवरचा सर्वांत नुकसानकारक बदल हाच आहे. मूळ कलम ८(१)(ञ) नुसार वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होईल, हे दाखवावे लागे. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशी एक ठळक ओळ त्यात होती. २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याची ज्ञापने, शिक्षा, मालमत्तेचे तपशील हे वैयक्तिक ठरवल्यापासूनच कार्यालयांचा हात आखडला होता. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ही सारी वाक्यरचनाच काढून टाकली आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. कोणत्याही सरकारी कागदावर कोणाचे ना कोणाचे नाव असतेच, त्यामुळे हे शब्द शब्दशः लावले तर मोजमाप पुस्तिकेवरची अभियंत्याची सहीसुद्धा ‘वैयक्तिक’ ठरवता येईल. खासगीपणाचे रक्षण हवेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तो मूलभूत अधिकार मानला ते योग्यच झाले. पण सरकारी पदावर बसून केलेले काम आणि माणसाचे घरगुती आयुष्य यांत फरक करणारी कसोटी काढून टाकल्याने सामान्य माणसाच्या खासगीपणाला काय लाभ झाला, हे समजत नाही.

अजून दोन आधार शिल्लक आहेत. पहिला कलम ८(२) : प्रकटनातले सार्वजनिक हित हानीपेक्षा अधिक असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. पूर्वी अर्जात कारण लिहू नका असे आम्ही सांगत असू, कारण कलम ६(२) प्रमाणे ते विचारताच येत नाही. आता अशा अर्जात सार्वजनिक हित काय आहे ते दोन वाक्यांत स्वतःहून लिहावे : सवलत हा सार्वजनिक लाभ आहे, तो मर्यादित आहे, आणि खोट्या दाव्याने पात्र माणसाची जागा जाते. दुसरा आधार कलम ४(१)(ख). अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका, त्यांचे मासिक वेतन, अनुदान योजनांच्या अंमलबजावणीचा तपशील आणि सवलती, परवाने मिळालेल्यांची माहिती कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते, आणि ती तरतूद तशीच आहे. त्याखेरीज अर्जाची दिशा बदलून पाहा. व्यक्तीचे प्रमाणपत्र मागण्याऐवजी, सवलतीसाठी किती दावे आले, किती प्रमाणपत्रे पडताळणीसाठी वैद्यकीय मंडळाकडे पाठवली, किती बाद ठरली आणि पडताळणीचे आदेश कोणते, हे मागा. पडताळणी झालीच नसेल तर दोष कर्मचाऱ्याइतकाच कार्यालयाचा आहे, आणि तो कोणत्याही वैयक्तिक माहितीशिवाय उघड होतो.

प्रश्न : तीस दिवसांत उत्तर नाही, प्रथम अपिलाची सुनावणी नाही. मी वैतागून थेट राज्य माहिती आयोगाकडे कलम १८ खाली तक्रार केली. वर्ष उलटले तरी तारीख नाही. तक्रार निकाली निघाली की माहिती मिळेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही, आणि हे आपल्याला आधी कोणी सांगायला हवे होते. मणिपूर राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये ठरवले की, कलम १८ खालच्या तक्रारीत आयोग शास्ती लावू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. त्यासाठी कलम १९(३) खालचे द्वितीय अपीलच करावे लागते. त्याची मुदत प्रथम अपिलाचा निर्णय ज्या दिवशी मिळायला हवा होता किंवा प्रत्यक्ष मिळाला त्या दिवसापासून नव्वद दिवस आहे. मुदत उलटली असली तरी पुरेसे कारण दाखवल्यास आयोग अपील दाखल करून घेऊ शकतो. आपण आयोगाकडेच तक्रार घेऊन गेला होतात, हे कारण विलंब माफीच्या अर्जात लिहा आणि वीस रुपयांचा मुद्रांक लावून अपील दाखल करा. अपिलात तीन मागण्या स्पष्ट असाव्यात : कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क माहिती, कलम २० प्रमाणे दररोज २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये शास्ती, आणि नुकसान झाले असल्यास कलम १९(८)(ख) प्रमाणे भरपाई.

आयोगाकडच्या विलंबाविषयी मात्र आपल्याला धीर देण्यासारखे माझ्यापाशी फार काही नाही. द्वितीय अपील किती दिवसांत निकाली काढावे याची मुदत कायद्यात घातलेलीच नाही, ही त्याच्या रचनेतली उणीव आहे. त्यात आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये अंजली भारद्वाज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पद रिकामे होण्याआधीच नेमणुकीची प्रक्रिया सुरू करा, असे केंद्राला आणि काही राज्यांना बजावले, त्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून आयुक्तांचा पाच वर्षांचा निश्चित कार्यकाळ काढून घेतला आणि कार्यकाळ व वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला; आता तो कार्यकाळ तीन वर्षांचा आहे, राज्यांच्या आयुक्तांचासुद्धा. ज्या कार्यकारी यंत्रणेवर लक्ष ठेवायचे तिनेच राखणदाराची मुदत ठरवायची, असा हा प्रकार झाला. विषय निकडीचा असेल तर आपले अपील ठरावीक मुदतीत निकाली काढण्याचा आदेश आयोगाला द्यावा, एवढ्या मर्यादित मागणीसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते.

प्रश्न : माहिती मिळाली. नगरपरिषदेच्या खरेदीत गैरव्यवहार झाल्याचे कागदांवरून दिसते. आता पुढे कोणाकडे जावे?

उत्तर : माहिती अधिकाराचा कायदा कागद हाती देतो आणि तिथे थांबतो, माहिती आयोग गैरव्यवहाराची चौकशी करत नाही. तक्रार करण्यापूर्वी आणखी एक अर्ज करावा असे मी सुचवेन. नगरपरिषदांचे लेखे १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याखाली तपासले जातात. त्या वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालातले आक्षेप आणि त्यांवर नगरपरिषदेने पाठवलेला अनुपालन अहवाल मागा. आपल्याला जे दिसले ते शासनाच्या लेखापरीक्षकालाही दिसले होते, असे निघाले तर तक्रारीचे वजन वाढते, आणि आक्षेप वर्षानुवर्षे अनुपालनाविना पडून आहे असे निघाले तर तो स्वतंत्र मुद्दा होतो.

त्यानंतर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. मात्र २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आलेल्या कलम १७अ मुळे, अधिकाऱ्याने पदाच्या कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. लोकायुक्तांची व्यवस्था महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने उभी राहिली. त्या कायद्याखाली लोकायुक्तांना चौकशी करून शिफारस करता येते, शिक्षा देता येत नाही. तरीही त्यांनी अहवाल मागवला की जिल्ह्यातली नस्ती हलू लागते.

प्रश्न : वाळूच्या उपशाविषयी अर्ज करायचा आहे, पण अर्जातला पत्ता संबंधितांपर्यंत पोहोचेल अशी भीती वाटते. निनावी अर्ज करता येतो का?

उत्तर : निनावी करता येत नाही, कारण नागरिक असल्याशिवाय हा अधिकार मिळत नाही. पण घरचा पत्ता देणे आवश्यक नाही. कलम ६(२) प्रमाणे संपर्कासाठी लागेल तेवढाच तपशील मागता येतो, आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ साली टपालपेटी क्रमांकही पुरेसा आहे असे म्हटले आहे. आपली भीती अनाठायी नाही. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांची हत्या झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात हा प्रश्न सतत विचारला जातो. आणि संसदेने २०१४ साली संमत केलेला जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा अजूनही अंमलात आलेला नाही.

म्हणून एकट्याने अर्ज करू नका. वेगवेगळ्या गावांतल्या चार-पाच जणांनी एकाच आठवड्यात एकाच मजकुराचे अर्ज करावेत, त्यांतला एखादा दूरच्या शहरातल्या परिचिताकडून जावा, आणि लिलावाचा आदेश, वाहतूक परवाने, घाटाच्या मोजणीचा अहवाल व दंडाच्या नोटिसा एवढेच कागद मागावेत. कागद हाती येताच त्यांच्या प्रती ग्रामसभेत आणि स्थानिक पत्रकारांकडे द्याव्यात, म्हणजे अर्जदाराला गप्प बसवून कोणाचाच फायदा उरत नाही. धमकी आल्यास ती लेखी तक्रारीने पोलीस अधीक्षकांना कळवावी आणि त्या तक्रारीची प्रत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे पाठवून पोच घ्यावी.